राउटरची हाक ऐकायची कशी?

वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची सगळी नावं दिसतात. ती येतात कुठून? प्रत्येक राउटर किंवा ॲक्सेस पॉइंट स्वतःच सेकंदाला साधारण १० वेळा "मी इथे आहे" अशी हाक देत असतो. तिला बीकन म्हणतात. दोन हाकांमधलं अंतर बहुतेक राउटरमध्ये १०२.४ मिलिसेकंद असतं. हाकेत नाव, चॅनेल (राउटर ज्यावर बोलतो तो रेडिओपट्टा), सुरक्षेचा प्रकार आणि बीएसएसआयडी नावाचा राउटरचा स्वतःचा पत्ता असतो.

आधी अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनलायझरसारखं एखादं ॲप घ्या. ते लोकेशनची परवानगी मागेल; आसपासच्या राउटरांच्या पत्त्यांवरून तुमचं ठिकाण कळू शकतं, म्हणून. मॅकवाल्यांनी ऑप्शन की दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तरी पुरे.

आता घरभर फिरा. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, कारण अँड्रॉइड ॲपला दोन मिनिटांत चारदाच स्कॅन करू देतं. तुमच्या वायफायच्या नावापुढचा उणे आकडा बघा. ती सिग्नलची ताकद; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. हॉलमध्ये -४५ असेल आणि स्वयंपाकघरात फ्रिजमागे -८२ झाला, तर तिथे व्हिडिओ कॉल अडकणारच. -६७ पर्यंत निर्धास्त राहा. राउटर टीव्हीमागून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवा आणि पुन्हा मोजा.

मग चॅनेल. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर न चढणारे. त्यांतला कमी गर्दीचा निवडा. गेस्टसाठी वेगळं नाव ठेवलं असेल तर त्याची हाकही वेगळी जाते, म्हणून नको असलेली नावं बंद करा.

नाव लपवण्याचा सल्ला बरेच जण देतात. माझं ऐका, लपवू नका. बीकन जातच राहतो, फक्त नावाची जागा रिकामी असते. उलट तुमचा फोन बाहेर गेल्यावरही ते नाव घेऊन विचारत फिरू शकतो. त्यापेक्षा लांब पासवर्ड आणि डब्ल्यूपीए३ हा सुरक्षेचा प्रकार ठेवा. राउटरमध्ये तो नसेल तर डब्ल्यूपीए२.

नाव मराठीत हवंय? जरूर ठेवा! नावाला जागा ३२ बाइटची आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. 'शनिवारवाडा' ३० बाइटांत बसतं, 'शनिवारवाडे' सुद्धा. पुढे 'पुणे' जोडायला मात्र जागा उरत नाही. नाव बदललं की घरातला प्रत्येक फोन आणि टीव्ही पुन्हा जोडावा लागेल, तेव्हा हे काम रविवारी निवांत करा.