खाणकंपनीच्या चांदीच्या लगडीमागचा इतिहास कसा शोधावा

लगडीवर खाणकंपनीचं नाव आहे, खाणीच्या तोंडावरच्या लोखंडी मनोऱ्याचं चित्र आहे, आणि विकणारा सांगतो की चांदी त्याच खाणीतली आहे. हे खरं की कसं, ते कसं तपासायचं? उदाहरणासाठी अमेरिकेच्या आयडाहो राज्यातली सनशाईन ही खाणकंपनी घेऊ. तिचा इतिहास इतका घडामोडींचा आहे की लगड तपासताना होणाऱ्या बहुतेक चुका तिच्याच निमित्ताने समजतात.

आधी नोंद, मग बाकी सगळं

लगड चकचकीत करायचा मोह आवरा. काळपटपणा घासून काढला की बारीक ठशांच्या कडाही झिजतात, आणि संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांचे फोटो घ्या. ठशातली अक्षरं जशीच्या तशी उतरवा: कंपनीचं पूर्ण नाव, वजन, टंच म्हणजे शुद्धता (बहुधा ९९९, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी), अनुक्रमांक, कोपऱ्यातली एखादी इवलीशी खूण. ती खूण बहुतेकदा लगड बनवणाऱ्या टांकसाळीची असते, म्हणून भिंग घेऊनच बसा. लगड ओतीव आहे की ठशाखाली दाबलेली, तेही लिहा. ओतीव लगडीच्या वरच्या अंगाला धातू थिजताना पडलेल्या लाटा दिसतात आणि कडा बोथट असतात. दाबलेलीच्या कडा सरळ, पाठ गुळगुळीत.

चांदी आहे ना, ते बघा

इथे औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावरचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे मोजताना ग्रॅमच वापरा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. लगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर हे लगडीचं आकारमान. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम असल्याने एक औंसाच्या लगडीला साधारण २.९७ यायला हवेत. मुलामा दिलेलं तांबं ३.४७ च्या आसपास जातं. ओतीव लगडीत हवेचे बुडबुडे अडकलेले असू शकतात, तेव्हा किंचित फरकाने घाबरू नका.

नावावरून काळ ठरवा

लगडीवर कोरलेल्या सालापेक्षा कंपनीच्या नावावर माझा जास्त भरवसा आहे. साल स्मरणार्थ घातलेलं असू शकतं. नाव मात्र त्या त्या वेळच्या कायदेशीर कागदांशी ताडून बघता येतं. सनशाईनचं नाव अनेक वर्षं ‘सनशाईन मायनिंग कंपनी’ असं होतं, १९९० च्या दशकात ते ‘सनशाईन मायनिंग अँड रिफायनिंग’ झालं. २००० साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००१ मध्ये खाण बंद पडली. आणखी एक फसगत: आयडाहोतल्याच कोर डलेन शहरात नावात ‘सनशाईन’ असलेली एक टांकसाळही आहे. नुसता ‘सनशाईन’ शब्द दिसला म्हणून लगड खाणकंपनीची ठरत नाही.

१९७२ साल कोरलेलं दिसलं तर विशेष जपून. त्या वर्षी २ मे रोजी या खाणीत आग लागली आणि ९१ कामगार गेले, बहुतेक जण कार्बन मोनॉक्साइडच्या धुराने गुदमरून. दोघे जण आठवडाभराने जिवंत वर आले. त्यामुळे हे साल दिसलं की विकणारे लगडीला दुर्घटनेची कहाणी जोडतात. लगडीवर तसा उल्लेख नसेल तर ती कहाणी पुराव्याशिवाय मान्य करू नका.

त्याच दशकात अमेरिकेत चांदीच्या छोट्या लगडी जमवायचं खूळ पसरलं होतं. पुढे टेक्सासच्या हंट बंधूंनी, म्हणजे तेलाच्या धंद्यातल्या धनाढ्य भावांनी, चांदीचे साठे केले आणि जानेवारी १९८० मध्ये भाव औंसामागे ५० डॉलरच्या घरात गेला. २७ मार्चला तो ११ डॉलरच्या खाली कोसळला. भाव चढला तेव्हा असंख्य लगडी, नाणी आणि भांडी वितळवली गेली. म्हणून एखादी लगड किती काढली हा आकडा मिळाला, तरी आज किती उरल्या ते त्यावरून कळत नाही.

चांदी त्याच खाणीतली का?

सगळ्यात चिवट प्रश्न हाच. खाणीतून चांदी निघत नाही, खनिज निघतं. सनशाईनमध्ये मुख्यतः टेट्राहेड्राइट, म्हणजे चांदीबरोबर तांबं आणि अँटिमनी असलेलं खनिज. ते दळून, वेगळं करून शुद्धीकरणासाठी भट्टीकडे जातं, आणि बाहेरच्या भट्टीत अनेक खाणींचा माल एकत्र होतो. सनशाईनने स्वतःचा शुद्धीकरण कारखाना उभारला तो १९८० च्या दशकात. त्याआधीच्या लगडीबद्दल ‘याच खाणीतली चांदी’ हा दावा कागद दाखवल्याशिवाय मानू नये.

कागद कुठे बघायचे? कंपनीचे वार्षिक अहवाल आधी. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरचे अहवाल अमेरिकी रोखे आयोगाच्या (एसईसी) संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. खाणींच्या जुन्या फायली आयडाहोच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाकडे आहेत. शेजारच्या बंकर हिल कंपनीचं दप्तर आणि वॉलेस गावातल्या बार्नार्ड-स्टॉकब्रिज स्टुडिओचे फोटो आयडाहो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. मनोऱ्याचं चित्र कुठल्या खाणीचं, हे अशा फोटोंशी ताडून बघता येतं.

शेवटी लगडीसोबत एक चिठ्ठी ठेवा, तीन रकान्यांची: लगडीवर काय कोरलंय, कागदांनी काय सिद्ध झालं, आणि विकणारा काय म्हणाला. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट पुरावा मिळेपर्यंत दुसऱ्यात नेऊ नका.