पॉइंटांवर विमानाचे तिकीट काढण्याआधी

लेकीच्या पदवीदान समारंभाला आम्हा दोघांची तिकिटे क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर काढायची, असे मी वर्षभर आधी ठरवले होते आणि अखेर ती रोख पैसे मोजून, ऐन गर्दीच्या आठवड्यातल्या भावाने काढली. पॉइंट पुरेसे होते आणि विमानात जागाही होत्या. घोडे अडले ते नावावर. पुढच्या खेपेला निदान तेवढे तरी चुकू नये म्हणून ही तयारी लिहून ठेवतो आहे.

पॉइंट किती जमले आहेत आणि त्यांची मुदत केव्हा संपते, हे कोणीही पाहतो, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. मात्र कार्डाचे बिल थकलेले असेल तर बँक पॉइंट वापरू देत नाही आणि गेल्या काही दिवसांतल्या खरेदीचे पॉइंट बहुधा स्टेटमेंट निघाल्यावरच जमा होतात, एवढे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. पॉइंट वापरण्याच्या वाटा दोन. पहिली, बँकेच्या पोर्टलवरूनच तिकीट काढायचे. तिथे एका पॉइंटचे मोल ठरलेले असते, कुठे 25 पैसे, कुठे 50, तर मोजक्या महागड्या कार्डांवर 1 रुपया. दुसरी, पॉइंट विमान कंपनीच्या योजनेत वळवायचे, तिथे त्यांचे माइल होतात आणि त्या माइलांवर तिकीट मिळते. दुसऱ्या वाटेने जास्त फायदा होतो असे सगळे सांगतात, पण तिकीट ‘फुकट’ मिळाले तरी विमानतळाचे शुल्क, कर आणि काही कंपन्यांचा भरभक्कम इंधन अधिभार खिशातूनच भरावा लागतो, हे सांगायला विसरतात. समजा, रोखीचे तिकीट 24,000 रुपयांचे आहे आणि माइलांवर ते 20,000 माइल अधिक 9,000 रुपये कर असे पडते. वाचले 15,000 रुपये, म्हणजे एका माइलला 75 पैसे मिळाले. बँक एका पॉइंटला एक माइल देत असेल तर सौदा चांगला आहे. पण दोन पॉइंटांना एक माइल देत असेल तर तुमचे 40,000 पॉइंट खर्ची पडले आणि हाती आले पॉइंटमागे साडेसदतीस पैसे. त्यापेक्षा 50 पैसे देणारे पोर्टल बरे. शिवाय बँक पॉइंट वापरण्याचे शुल्क घेते का, तेही पाहावे. 99 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी अशी आकारणी अनेक कार्डांवर दिसते.

आता नाव. हे मी मागच्या वेळी पाहिले नाही, म्हणून सावकाश लिहितो आणि आपणही सावकाश वाचावे. तीन वस्तू टेबलावर शेजारी शेजारी ठेवाव्यात: पासपोर्ट, क्रेडिट कार्ड आणि विमान कंपनीच्या सदस्यत्वाचे पान, मोबाइलवर उघडलेले. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये लावण्याची रीत आहे आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. माझ्या पासपोर्टावर ‘दिलेले नाव’ या रकान्यात माझे आणि वडिलांचे नाव सलग छापलेले आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात आहे. कार्डावर माझे पूर्ण नाव, वडिलांचे आद्याक्षर आणि आडनाव. विमान कंपनीचे सदस्यत्व मी काही वर्षांपूर्वी विमानतळावर घाईघाईत अर्ज भरून घेतले होते, त्यात नुसती दोन आद्याक्षरे आणि आडनाव. माणूस एकच, हे मला ठाऊक होते; यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बँकेने पॉइंट मिनिटभरात कापून घेतले आणि माइल काही जमा होईनात. चार दिवसांनी कळले की नाव जुळत नाही, पासपोर्टची प्रत आणि सहीचा अर्ज पाठवा. नाव दुरुस्त होऊन माइल जमा व्हायला एकूण अकरा दिवस गेले आणि तोवर त्या तारखेच्या दोन्ही जागा दुसऱ्या कोणी घेतल्या होत्या. तेव्हा नाव आधी जुळवा. एका अक्षराचाही फरक असेल, ‘ई’साठी कुठे एक अक्षर आणि कुठे दोन वापरली असतील, तरी दुरुस्तीचा अर्ज आजच करा; पॉइंट वळवल्यानंतर नव्हे, वळवण्याआधी.

बायकोच्या बाबतीत हेच दुप्पट काळजीने करावे. माहेरच्या नावाचा पासपोर्ट, सासरच्या नावाचे पॅन कार्ड आणि त्यावरून निघालेले क्रेडिट कार्ड, अशी स्थिती कित्येक घरांत आहे. आपल्या माइलांवर दुसऱ्याचे तिकीट काढायचे असेल तर काही योजनांत त्या व्यक्तीला आधी नॉमिनी म्हणून नोंदवावे लागते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये असे पाचच नॉमिनी ठेवता येतात. इथेही नाव पासपोर्टाप्रमाणेच लिहावे, घरात हाक मारतात तसे नव्हे.

नाव जुळले याची खात्री झाली की मग जागा शोधावी. विमानात जागा रिकामी दिसते म्हणजे ती माइलांवर मिळतेच असे नाही. कंपनी त्यासाठी मोजक्याच जागा बाजूला काढते. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या मिळण्याची आशा कमी, म्हणून तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करण्याची तयारी ठेवावी. आमच्यासारखी समारंभाची तारीख ठरलेली असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. एकाच संघातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानातही जागा पाहावी: एअर इंडिया आणि सिंगापूर एअरलाइन्स दोन्ही स्टार अलायन्समध्ये असल्यामुळे एकीचे माइल दुसरीच्या विमानात चालू शकतात. विस्तारा या विमान कंपनीच्या क्लब विस्तारा योजनेतले जुने पॉइंट असतील तर ते शोधायला विसरू नये. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यावर ते एअर इंडियाच्या योजनेत गेले, आणि त्या योजनेचे नाव आता महाराजा क्लब आहे. तिथेही, अर्थातच, नाव पाहावे.

जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय पॉइंट वळवू नयेत, कारण वळवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. लागतील तेवढेच वळवावेत. काही योजनांत माइल लगेच दिसतात, काहींत कित्येक दिवस लागतात. काही बँकांनी वर्षाला किती पॉइंट वळवता येतील यावर मर्यादाही घातली आहे. शक्य असल्यास आधी किमान पॉइंटांची एक छोटी खेप पाठवून पाहावी. नावाचा दोष असेल तर तो तिथेच उघडा पडतो आणि बाकीचे पॉइंट बँकेत सुखरूप राहतात. मी हे केले असते तर पुढचे सगळे टळले असते. माझे माइल अजूनही त्या योजनेत पडून आहेत आणि त्यांची मुदत चालू आहे.

पुढचे थोडक्यात. कर भरताना ओटीपी येईल तो मोबाइल हाताशी ठेवावा. रद्द केल्यास माइल परत मिळण्याचे शुल्क किती, ते आधी वाचावे. मुदत उलटून गेलेले माइल अनेक योजनांत परत मिळत नाहीत. सामानाची मर्यादा, जेवण, आसन, हे नेहमीप्रमाणे. तिकिटाचा ईमेल आला की तो बंद करण्याआधी पासपोर्ट पुन्हा उघडून दोघांची नावे अक्षरागणिक ताडून पाहावीत आणि चूक दिसली तर त्याच दिवशी फोन करावा.