एजवरून वेबसॉकेट नेताना या चुका टाळा

वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी जोडणी, आणि एज म्हणजे वापरणाऱ्याच्या जवळचे मधले सर्व्हर. ‘लोकलवर तर चालतंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचा एजवरचा कोड उघडायला सांगतो.

बहुतेकदा घोळ हँडशेकमध्येच, म्हणजे जोडणी जुळवायच्या पहिल्या देवाणघेवाणीतच असतो. ब्राउझर साधी एचटीटीपी विनंती पाठवतो, सोबत ‘अपग्रेड: वेबसॉकेट’ हा हेडर. ओरिजिनकडून, म्हणजे एजमागच्या मूळ सर्व्हरकडून, ‘प्रोटोकॉल बदलतोय’ सांगणारा १०१ स्टेटस आला की जोडणी झाली. क्लाउडफ्लेअर वर्कर्समध्ये (एजवर कोड चालवायची सेवा) ते उत्तर जसंच्या तसं परत करायचं, बस. पण हेडर जोडायचा, कुठून तरी उचललेला कोड सरसकट लावला जातो. तो स्टेटस आणि हेडर उतरवून नवा रिस्पॉन्स बनवू पाहतो, सॉकेट मागेच राहतं. सॉकेट नसेल तर १०१चा रिस्पॉन्स बनतच नाही, रेंज एरर येते. मी पहिल्याच ओळीत अपग्रेड हेडर तपासतो आणि ती विनंती बाकी कोडच्या हाती लागू देत नाही. कॉपी-पेस्ट करा, पण आधी वाचा तरी!

दुसरी चूक मला तीन दिवस पुरली. कबड्डीचा लाइव्ह स्कोअर होता. चाचणीत दर सेकंदाला गुण पाठवत होतो, सगळं सुरळीत. प्रत्यक्ष सामन्यात मध्यंतर झालं आणि नंतर लोकांच्या फोनवर स्कोअर हलेचना. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये १००६ हा क्लोज कोड. हा कोड मी सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधत बसलो. तो तारेवरून येतच नाही, क्लोज फ्रेम न मिळता जोडणी तुटली की ब्राउझर स्वतःच तो दाखवतो. एजमागे एनजिनएक्स हा प्रॉक्सी सर्व्हर होता आणि त्याचा प्रॉक्सी रीड टाइमआउट, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून काहीच आलं नाही तर थांबायची मर्यादा, मुळात ६० सेकंदांचा. मध्यंतरात गुण नाहीत, म्हणून संदेश नाहीत, म्हणून जोडणी बंद. टाइमआउट वाढवणं हा पळवाटेचा उपाय. वाटेतल्या दुसऱ्या कुणाची मर्यादा तुमच्या हातात नसते. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमधून पिंग फ्रेम (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश) पाठवता येत नाही, म्हणून मी सर्व्हरकडूनच दर २५ सेकंदांनी पाठवतो. आणि रिलीजआधी टॅब उघडा ठेवून दहा मिनिटं कशालाही हात लावत नाही. नव्या मुलांना एवढा धीर धरवत नाही.

वर्कर्समधून फेच करताना पत्ता एचटीटीपीएसचा द्या, डब्ल्यूएसएसचा (वेबसॉकेटचा) नाही.

ओळख पटवणारं टोकन यूआरएलमध्ये घालू नका, लॉगमध्ये उघडं पडतं.

सीओआरएस, म्हणजे दुसऱ्या साइटच्या विनंत्यांवरचे ब्राउझरचे निर्बंध, इथे राखण करत नाही. विनंती कोणत्या साइटवरून आली ते सांगणारा ओरिजिन हेडर स्वतः तपासा.

जोडणी तुटल्यावर सगळे फोन एकाच क्षणी परत आले तर सर्व्हर पुन्हा झोपतो. १, २, ४ सेकंद असं थांबा आणि दर वेळी त्यात थोडा रँडम उशीर मिसळा.