जुन्या नक्षीदार सिमेंट लादीची दुरुस्ती: मोडलेली लादी बदलण्यापासून रोजच्या पुसण्यापर्यंत

मुंबई, पुणे आणि कोकणातल्या जुन्या घरांत अजूनही रंगीत नक्षीच्या सिमेंट लाद्या टिकून आहेत, आणि घराचे नूतनीकरण निघाले की सर्वांत आधी त्यांच्यावरच घाव पडतो. चार-पाच लाद्या फुटल्या म्हणून सबंध खोली उखडण्याची गरज नसते. यांतील पुष्कळ लाद्या ज्या कंपन्यांकडून आल्या, त्यांपैकी एक आजही चालू आहे. इंग्लंडहून येणाऱ्या लाद्यांना स्वदेशी पर्याय द्यावा, या हेतूने सिधवा कुटुंबातील फिरोजशा आणि रुस्तम यांनी 1922 साली भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी काढली आणि उरणला कारखाना उभारला. शंभर वर्षे उलटूनही ही कंपनी जुन्या धर्तीच्या नक्षीच्या लाद्या हातानेच घडवते, त्यामुळे आपल्या घरातल्या नक्षीला जोड मिळण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून पुष्कळच जास्त असते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी लादी नीट ओळखावी. फुटलेल्या तुकड्याची कड पाहिली की वर काही मिलिमीटरचा रंगीत थर आणि खाली करड्या सिमेंटचा जाड थर स्पष्ट दिसतो. पृष्ठभागावर संगमरवराची खडी दिसत असेल, तर ती मोझॅकची लादी होय, आणि तिचे काम निराळे. नक्षीची लादी भट्टीत भाजलेली नसते. साच्यात नक्षीच्या आकाराची धातूची पट्ट्यांची चौकट ठेवून तिच्या एकेका कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग यांचे पातळ मिश्रण पळीने ओततात, चौकट अलगद उचलतात, वर कोरडे सिमेंट-वाळूचे मिश्रण पसरतात, त्यावर करड्या सिमेंटचा थर देऊन सगळे यंत्राने दाबतात आणि मग लादी पाण्यात मुरू देतात. ही कृती लक्षात ठेवली की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात: रंग वरच्या पातळ थरापुरताच असतो, म्हणून जड पॉलिश मशीन फिरवले की नक्षी उतरते, आणि लादी सिमेंटची असल्यामुळे ॲसिड तिला खाते.

नवी लादी मागवताना नुसता फोटो पाठवून भागत नाही. कपाटाखालची एक सुटलेली किंवा मोडकी लादी सोबत न्यावी आणि तिची पाठही तपासावी, कारण तिथे बहुधा कारखान्याचे नाव किंवा खूण उमटलेली असते. मापाच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे. जुनी लादी बहुधा 8 इंचांची, म्हणजे 203 मिलिमीटरची असते, आणि नवी लादी पुष्कळदा 200 मिलिमीटरची मिळते. एका लादीत हा फरक जाणवत नाही, पण 10 लाद्यांच्या रांगेत तो तीन सेंटीमीटरपर्यंत जातो आणि नक्षीच्या रेषा जुळेनाशा होतात. म्हणून लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून द्यावी, आणि लागतील त्यापेक्षा दहा टक्के लाद्या जास्त मागवाव्यात.

नवी लादी कितीही जुळली तरी तिचा रंग ताजा दिसतो. यावर आमच्या गिरगावातल्या घरात एका वयस्क गवंड्याने सांगितलेला उपाय मी आजही सगळ्यांना सांगते. दिवाणखान्याच्या मधोमध तीन लाद्या फुटल्या होत्या. त्याने पलंगाखालच्या तीन धड लाद्या काढून तिथे बसवल्या आणि नव्या लाद्या पलंगाखाली घातल्या. कुठली लादी कुठून काढली, हे विसरू नये म्हणून प्रत्येकीवर त्याने खडूने आकडा आणि बाणाची खूण केली होती.

फुटलेली लादी काढताना तिच्या मधोमध छिन्नीने फोडून तुकडे आतल्या बाजूला ओढत काढावेत, म्हणजे शेजारच्या लादीच्या कडेला घाव बसत नाही. धड लादी काढायची असेल, तर चारही सांधे पातळ पात्याने आधी पूर्ण मोकळे करावेत आणि मगच खालून हळूहळू उचकावे. खालचा सुटलेला मालमसाला खरवडून, जागा झाडून आणि ओली करून सिमेंट-वाळूची एकसारखी भरणी करावी. लादी थोडा वेळ पाण्यात बुडवून घ्यावी, पाठीला सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यातला पातळ घोळ, लावावी आणि पाणसळ लावून लाकडी ठोकळ्याने दाबावी. लोखंडी हातोडा जवळही आणू नये. सांधा एक-दीड मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा, आणि गडद रंगाचे ग्राउट, म्हणजे सांधे भरायचे मिश्रण, फिक्या लादीवर पसरले तर ते सुकण्याआधीच पुसावे लागते, एरवी तो डाग कायमचा राहतो.

बसवलेल्या लाद्यांवर पाणी मारताना फरशीवर गोणपाट, लाकडाचा भुसा किंवा छापील कागद पसरू नये, कारण त्यांचा रंग ओल्या लादीत उतरतो. काही दिवसांनी पांढरी पूड दिसू लागली तर तो लोणा असतो. सिमेंटमधला चुना आणि क्षार ओलीबरोबर वर येऊन तिथे सुकतात. तो कोरड्या ब्रशने झाडावा आणि ओल कुठून येते ते आधी शोधावे. न्हाणीघराची गळती बंद झाली नाही, तर लोणा पुन्हा पुन्हा येत राहतो.

रोज साध्या पाण्याने, आणि आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसणे पुरेसे आहे. लिंबू, चिंच, दही किंवा व्हिनेगर सांडले की लगेच टिपून घ्यावे. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी सफाईला आलेल्या एका माणसाने ॲसिड ओतले होते, आणि कमळाच्या पाकळ्यांच्या जागी हाताएवढा फिकट, खरबरीत चट्टा उरला. तो कुठल्याही पॉलिशने भरून येत नाही. ती लादीच बदलावी लागते. घर भाड्याने दिले असेल, तर ही सूचना भाडेकरूला लिहूनच द्यावी.

उरलेल्या लाद्या माळ्यावर आडव्या रचून ठेवू नयेत; त्या कडेवर उभ्या, मध्ये जाड कागद घालून ठेवाव्यात. नक्षीचा क्रमांक, रंग, माप आणि मागवल्याची तारीख एका कागदावर लिहून तो घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्येच लावावा, कारण पुढची लादी मोडेल तेव्हा ती शोधणारे हात कदाचित आपले नसतील.