एडीएन: अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या नर्सिंग पदवीत नेमकं काय शिकवतात

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, व्हायला चार वर्षांचीच पदवी लागते असं नाही. कम्युनिटी कॉलेजातली असोसिएट डिग्री, म्हणजेच एडीएन, घेऊनही तीच एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा देता येते आणि लायसन्सही तेच मिळतं. मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या आराखड्यावरून १९५२ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. याला सगळे 'दोन वर्षांचा कोर्स' म्हणतात, पण वेळेचा हिशेब मांडताना त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. ती दोन वर्षं बहुतेक ठिकाणी फक्त नर्सिंगच्या विषयांची असतात, आणि त्याआधीच्या प्रीरेक्विझिट विषयांत अनेकांचं एक वर्ष जातं.

आधीचे विषय

अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, मानवी विकासाचं मानसशास्त्र आणि गणित किंवा स्टॅटिस्टिक्स असे हे विषय. विज्ञानाचे विषय प्रयोगशाळेसह करावे लागतात. दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. बऱ्याच कॉलेजांत पाच ते सात वर्षांपूर्वीचे विज्ञानाचे क्रेडिट्स धरत नाहीत, आणि नुसतं पास होणं पुरत नाही, कारण जागा कमी आणि अर्ज जास्त. सोबत प्रवेश परीक्षा असते, सहसा टीज किंवा हेसी. टीजमध्ये १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं मिळतात.

फिजिऑलॉजी घोकून पास होता येतं, पण तो उधारीचा व्यवहार आहे. किडनी पोटॅशियमचं काय करते हे नीट कळलं नसेल, तर औषधशास्त्रात ती उधारी व्याजासकट फेडावी लागते.

पहिलं सत्र: हात आणि हिशेब

फंडामेंटल्समध्ये रुग्णाला आंघोळ घालणं, कूस बदलणं, पलंगावरून खुर्चीत बसवणं, नाडी-रक्तदाब-श्वास मोजणं आणि हात धुणं शिकवतात. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक कौशल्याची शिक्षकांसमोर, मॅनिकिनवर, म्हणजे माणसाएवढ्या पुतळ्यावर, परीक्षा होते. एक निर्णायक पायरी चुकली की ती पुन्हा द्यावी लागते.

लघवीची नळी, म्हणजे फोली कॅथेटर, घालणं हे त्यातलं नमुनेदार काम. निर्जंतुक कापडाची कडेची २.५ सेंटिमीटर पट्टी अशुद्धच धरायची, आणि हात कमरेखाली गेले की तेही अशुद्ध. स्त्री-रुग्णाच्या बाबतीत ज्या हाताने त्वचा बाजूला धरली, तो हात त्या क्षणापासून बाद. नळी आत जाईपर्यंत तो तिथून हलवायचाही नाही, कारण सुटलेली त्वचा साफ केलेल्या जागेवर परत येते. लघवी दिसली की नळी आत टिकवून ठेवणारा तिच्या टोकाचा फुगा लगेच फुगवू नका. नळी आणखी २.५ ते ५ सेंटिमीटर आत सरकवा आणि मगच फुगवा, नाहीतर फुगा मूत्रमार्गातच फुगून इजा होते. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या आणि दुसरी निर्जंतुक नळी घ्या. पहिली नळी खूण म्हणून उपयोगी पडते. घाईत तीच काढून पुन्हा वापरणं ही परीक्षेतली मोठी चूक आहे, आणि वॉर्डात तर संसर्गाला आमंत्रण.

दुसरी गाळणी डोस कॅल्क्युलेशनची. इथे अनेक प्रोग्रॅम ९० टक्के किंवा त्याहून जास्त गुण मागतात. गणित शाळेतलंच असतं, चुका एककांच्या होतात. समजा मुलाचं वजन ४४ पौंड आहे, ऑर्डर किलोमागे १५ मिलिग्रॅमची आहे आणि औषध ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम आहे. ४४ ला २.२ ने भागलं की २० किलो. त्याला १५ ने गुणलं की ३०० मिलिग्रॅम. ३०० भागिले १६०, गुणिले ५, म्हणजे ९.३७५, आणि एका दशांशापर्यंत ९.४ मिलिलिटर. पौंडाचे किलो करायचे राहिले तर उत्तर ६६० मिलिग्रॅम येतं, म्हणजे दुपटीहून जास्त डोस. लिहिताना '०.५' मधला आधीचा शून्य गाळायचा नाही, आणि '५' पुढे दशांश देऊन शून्य लावायचा नाही. टिंब दिसलं नाही तर पाचाचे पन्नास होतात.

पुढची सत्रं

मेड-सर्ज, म्हणजे मोठ्यांचे आजार आणि शस्त्रक्रियेनंतरची काळजी, हा कोर्सचा कणा आहे. तो दोन-तीन सत्रं चालतो. प्रसूती, बालरोग आणि मानसिक आरोग्य यांचे वेगळे विषय असतात. शेवटच्या सत्रात एकाच वेळी अनेक रुग्ण सांभाळणं आणि कामं वाटून देणं शिकवतात, आणि बऱ्याच ठिकाणी एका अनुभवी नर्सच्या हाताखाली पूर्ण शिफ्ट करवून घेतात.

औषधशास्त्रात यादी पाठ करण्यापेक्षा साखळी समजून घ्या. फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाने लघवीवाटे पोटॅशियम जातं, रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे ३.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली गेलं की हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या डिगॉक्सिनची विषबाधा सोपी होते. म्हणून डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसात ते ६० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

परीक्षेतले प्रश्नही अशाच वळणाचे असतात. चार रुग्ण आहेत. एकाला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुखतंय, एकाची साखर २१०, एक घरी जायच्या कागदांची वाट बघतोय, आणि एकाची थायरॉइडची शस्त्रक्रिया ४ तासांपूर्वी झालीय, त्याच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतोय. आधी कुणाकडे जाल? अर्थातच शेवटच्याकडे, कारण श्वासनलिका बंद होत असू शकते. चारही पर्याय 'बरोबर' वाटतात आणि त्यातला सर्वांत तातडीचा निवडायचा असतो. शाळेत पहिले येणारेही इथे गडबडतात. त्यात पासची रेषा बहुधा ७५ ते ७८ टक्के, आणि ७४.९ चे ७५ करून देत नाहीत.

क्लिनिकल

आठवड्यातून एक-दोन दिवस हॉस्पिटलात जायचं असतं. त्याआधी लसीकरणाचे दाखले, टीबीची तपासणी, पार्श्वभूमी पडताळणी, ड्रग टेस्ट आणि बीएलएस, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं, प्रमाणपत्र पूर्ण हवं. एक कागद राहिला तरी वॉर्डात सोडत नाहीत आणि गैरहजेरी लागते. हेपटायटिस बीच्या लसीचे डोस पूर्ण व्हायला महिने लागू शकतात, तेव्हा ती आधी सुरू करा.

केअर प्लॅनमध्ये, म्हणजे रुग्णाच्या काळजीच्या लेखी आराखड्यात, बहुतेक जण निदानाच्या जागी 'हार्ट फेल्युअर' लिहितात. ते डॉक्टरचं निदान झालं. नर्सचं निदान रुग्णावर होणाऱ्या परिणामाचं असतं: शरीरात जास्तीचं पाणी साठणं. उद्दिष्टही मोजता येईल असं हवं. 'रुग्णाला बरं वाटेल' खोडून परत येतं; 'शिफ्ट संपेपर्यंत ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या वर राहील' चालतं.

शेवटची परीक्षा आणि पुढे

एनक्लेक्स-आरएनमध्ये संगणक उत्तरं बघून पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, ५ तास. एप्रिल २०२३ पासून एकाच रुग्णाच्या प्रकरणावर सहा-सहा प्रश्नांचे संच येतात.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी आणि एसीईएन किंवा सीएनईए या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता. मंजुरी नसेल तर परीक्षेलाच बसता येईलच असं नाही. मान्यता नसेल तर पुढे बीएसएनला, म्हणजे चार वर्षांच्या नर्सिंग पदवीला, प्रवेश घेताना अडतं. काही मोठी हॉस्पिटलं नोकरी देताना बीएसएनला झुकतं माप देतात, आणि न्यूयॉर्क राज्यात २०१७ च्या कायद्यानुसार नव्या आरएनला दहा वर्षांत ती पदवी मिळवावीच लागते, काही अपवाद सोडले तर.