खासगी तळ्यावर मोठ्या कार्पसाठी गळ टाकताना या चुका टाळा

लंडनच्या पश्चिमेला हीथ्रो विमानतळाच्या आसपास, रेस्बरी आणि हॉर्टनच्या बाजूला, आणि त्याहून पुढे ऑक्सफर्डशायर व कॉट्सवोल्डपर्यंत जी असंख्य तळी दिसतात, त्यांतली बहुतेक निसर्गाने केलेली नाहीत. विसाव्या शतकात रस्ते आणि इमारतींसाठी तिथून खडी आणि वाळू उपसली गेली, उरलेल्या खड्ड्यांत भूजल साचले आणि पुढे त्यांत कार्प सोडले गेले. आपल्याकडच्या मत्स्यशेतीत ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच हा मासा. इथे त्याचे वजन आजही पौंडातच सांगतात: 20 पौंड, म्हणजे सुमारे 9 किलोचा मासा चांगला समजला जातो, 30 पौंडांचा (साडेतेरा किलोंच्या थोडा वर) मासा लागला की ते वर्ष लक्षात राहते, आणि 40 पौंडांचा मासा पुष्कळांना जन्मभर लागत नाही.

या तळ्यांवर चोवीस तासांचे तिकीट काढून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांत मी कित्येक वर्षे होतो, आणि अधूनमधून आजही असतो. परतताना आमिषाला दोष देण्याची सवय मात्र आता सुटली आहे, कारण मासा न लागण्याचे कारण आमिषात क्वचितच सापडते. ते बहुतेक वेळा त्याआधीच्या दोन गोष्टींत असते: बसण्यासाठी निवडलेली जागा, आणि गळ तळाशी नेमका कसा पडला आहे याची खात्री न करणे.

तिकीट म्हणजे परवाना नव्हे

हा भाग थोडक्यात आटोपतो, पण तो चुकला तर बाकीचे वाचून उपयोग नाही. तिकीट तळ्याच्या मालकाचे असते. त्याखेरीज इंग्लंडमध्ये 13 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाकडे एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा रॉड परवाना असावा लागतो आणि तो नसल्यास 2,500 पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. साधा परवाना दोन रॉडपुरता असतो. तळ्याच्या नियमात तीन रॉड चालत असले तरी तिसऱ्या रॉडसाठी वेगळा, तीन रॉडचा परवाना लागतो, हे अनेकांच्या गावी नसते. 15 मार्च ते 15 जून हा नद्यांवरचा बंदीचा काळ बहुतेक बंदिस्त तळ्यांना लागू होत नाही. तथापि पाणी 18 अंशांच्या पुढे जाऊन मासे विणीला लागले की मालक तळे स्वतःहून बंद ठेवतात, म्हणून मे-जूनमध्ये निघण्यापूर्वी फोन करावा.

तळ्याचे नियम प्रवेशद्वारापाशी नव्हे, घरी वाचावेत. एका तळ्यावर मी आदल्या दिवशी दुसरीकडे वापरलेले ओले जाळे घेऊन पोहोचलो आणि तिथल्या रखवालदाराने मला शांतपणे फाटकाबाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हा राग आला होता, परंतु चूक सर्वस्वी माझी होती. कार्पना होणारा कोय हर्पिस विषाणूचा रोग ओल्या जाळ्यांतून आणि मासा ठेवायच्या चटयांतून एका तळ्यातून दुसऱ्यात जातो, तो तिथे सरकारला कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे, आणि तो शिरला तर वर्षानुवर्षे वाढवलेले मासे काही दिवसांत मरू शकतात. जाळे, चटई आणि वजनाची झोळी पूर्ण वाळवूनच न्यावी.

जागा आधी ठरवून जाणे

सर्वांत महाग पडणारी चूक गाडीतून सामान उतरवतानाच होते. रॉड, तंबू, खाट, बादल्या असे चाळीस-पन्नास किलोंचे ओझे हातगाडीवर चढले की पाय आपोआप जवळच्या मोकळ्या जागेकडे वळतात, आणि मग ती जागा उत्तम कशी आहे याची कारणे मन स्वतःच शोधू लागते. सामान गाडीतच ठेवावे. पाण्यावरची चकाकी घालवणारा पोलराइज्ड चष्मा लावून तळ्याला निदान एक पूर्ण फेरी मारावी आणि प्रत्येक वळणावर काही मिनिटे उभे राहून नुसते बघावे.

बघायचे काय, तर मासा उसळतो किंवा पाठ दाखवून वळतो ते, चरणाऱ्या माशामागून बारीक बुडबुड्यांची ओळ उठते ती, एरवी स्वच्छ असलेल्या पाण्यात मध्येच एखादा गढूळ पट्टा दिसतो तो, आणि वारा नसताना लव्हाळ्याचे एखादेच पाते हलते ते. पहाटेचा पहिला तास यासाठी सर्वांत चांगला. तो झोपेत घालवून नऊ वाजता दुर्बीण काढणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

वाऱ्याबाबत अर्धवट ज्ञान घातक ठरते. ‘वारा ज्या काठावर आदळतो तिथे बसा’ हा सल्ला नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उबदार वाऱ्यासाठी खरा आहे, कारण असा वारा दोन-तीन दिवस टिकला की वरचे कोमट पाणी आणि त्यातले अन्न त्या काठाकडे ढकलले जाते. तोच सल्ला मार्चमधल्या बोचऱ्या पूर्वेच्या वाऱ्याला लावला तर आपण आणि आपले गळ दोघेही गारठतो. मासे तेव्हा आडोशाच्या, उन्हाच्या बाजूला असतात. कडक उन्हाळ्याच्या शांत दिवसांत तर ते पृष्ठभागाजवळ तरंगत राहतात आणि तळाशी ठेवलेले आमिष, ते कितीही महागाचे असो, दिवसभर तसेच पडून राहते.

शनिवार-रविवारच्या गर्दीत मासे लोकांपासून दूर सरकतात हे सगळे जाणतात, पण ते अनेकदा रिकाम्या जागेसमोरच्या काठालगत, दोन-तीन मीटरवर येऊन चरतात हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. शंभर मीटरवर गळ फेकण्यात पराक्रम दिसतो खरा. मासा मात्र त्याच वेळी पायाशी असू शकतो. आणि मुक्कामाच्या मध्यात मासे दुसरीकडे दिसू लागले तर उठून जावे. तंबू एकदा ठोकला की तो उखडवत नाही, हीच खरी अडचण असते.

तळ न चाचपता गळ टाकणे

आता दुसरी मोठी चूक. पुष्कळ जण अंतर बरोबर साधतात, पण तिथे खाली काय आहे हे पाहत नाहीत. यासाठी गळ न लावता नुसते शिशाचे वजन फेकावे, ते पाण्याला लागताच दोरी बोटाने थोपवावी आणि दोरी ताठ ठेवून वजन खाली जाऊ द्यावे. खडीवर किंवा घट्ट चिकणमातीवर ते आपटले की रॉडच्या मुठीत स्पष्ट ‘ठक्’ असा धक्का येतो. मऊ गाळात ते उशीवर टेकल्यासारखे बसते. आणि काहीच जाणवले नाही तर ते बहुधा पाणवनस्पतीत लटकले आहे. नंतर वजन सावकाश ओढावे. खडीवर रॉडचे टोक थरथरते, गाळातून ते लोण्यातून सुरी जावी तसे येते, आणि वनस्पतीत जागच्या जागी अडते. कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. हाताला कळले पाहिजे, एवढेच.

वजन बाहेर आल्यावर त्याचा वास घ्यावा, हे ऐकायला विचित्र वाटेल. काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ लागला असेल तर तिथे प्राणवायू नाही आणि मासा तिथे तोंड घालण्याची शक्यता कमी. ती जागा सोडून द्यावी. ताटाएवढी स्वच्छ जागा मिळाली तरी पुरते. तिचे अंतर कायम राखण्यासाठी 12 फुटांवर रोवलेल्या दोन काठ्यांभोवती दोरी गुंडाळून फेऱ्या मोजतात, एका काठीपासून दुसरीपर्यंत ती एक फेरी: 16 फेऱ्या म्हणजे 64 यार्ड, सुमारे साडेअठ्ठावन्न मीटर. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण रात्री दोन वाजता पावसात तो आठवत नाही.

गळाची मांडणी हाही याचाच भाग आहे. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो अन्न ओढून घेतो, तपासतो आणि संशय आला तर फुंकून टाकतो. रिचर्ड वॉकर या इंग्रज गळवाल्याने 1952 मध्ये हेरेफर्डशायरमधल्या रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा कार्प पकडला तेव्हा आमिष गळावरच टोचत असत. 1980 च्या सुमारास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळाला न टोचता एका केसाने बाहेर लटकवण्याची युक्ती काढली, आणि म्हणूनच तिला हेअर रिग म्हणतात. गळ मोकळा राहिल्यामुळे मासा आमिष फुंकतो तेव्हा टोक खालच्या ओठात रुतते आणि शिशाच्या वजनाने ते आत बसते.

ही मांडणी बिघडते ती फार क्षुल्लक कारणांनी. केस आखूड असेल तर आमिष गळाच्या वाकाला चिकटून टोक झाकते; फार लांब असेल तर आमिष तोंडात जाते आणि गळ ओठांबाहेर राहतो. घरीच एक परीक्षा करता येते: तयार गळ आमिषासह तळहातावर ठेवावा आणि दोरी हळूहळू ओढावी. गळ आपोआप वळून टोक खाली करून कातडीला टोचू लागला पाहिजे. तो आडवाच घसरत आला तर केसाची लांबी बदलावी. नंतर टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून सरकवावे. ते घसरले तर गळ फेकून द्यावा. काही पेन्सच्या गळासाठी रात्र घालवण्यात काटकसर नाही.

आमिष

आमिषाबाबत चूक प्रकाराची नसून प्रमाणाची असते. टाकलेले आमिष परत काढता येत नाही, म्हणून मासे दिसल्याशिवाय बादली रिकामी करू नये. थंडीत, पाणी सातआठ अंशांवर आले की माशाचे पचन मंदावते आणि मूठभर बॉयली (उकडून घट्ट केलेल्या आमिषाच्या गोळ्या) सुद्धा जास्त होतात. टायगर नट, शेंगदाणे, छोले असे दाणे वापरायचे असतील तर ते 24 तास भिजवून निदान अर्धा तास उकळलेले असले पाहिजेत. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो. अनेक तळ्यांवर शेंगदाण्यांना सरसकट बंदी आहे, हेही पाहून घ्यावे.

अलार्म वाजतो, मासा लागत नाही

दोरी हलली की वाजणाऱ्या अलार्मचा एखादाच आवाज येऊन सारे शांत होत असेल आणि बॉबिन (दोरीवर लटकवलेला, तिची हालचाल दाखवणारा लहान भार) किंचित वर-खाली होऊन जागेवर परतत असेल, तर बहुधा मासा आमिषाला नव्हे, दोरीला घासून जात आहे. मासे आपल्या आमिषाच्या अलीकडे आहेत असा त्याचा अर्थ घ्यावा, दोरी सैल करून तळाला टेकवावी आणि एक रॉड जवळ आणावा. बॉबिन एकदम खाली पडले तर मासा काठाकडे येत आहे; अशा वेळी बघत न बसता दोरी गुंडाळून ताण घ्यावा. मासा लागून वाटेतच सुटत असेल तर आधी टोकाची धार पाहावी, मग शिशाचे वजन पाहावे (85 ग्रॅमहून हलके असेल तर ते गळ रुतवायला कमी पडते), आणि शेवटी स्वतःचा हात पाहावा, कारण मासा जाळ्याजवळ आल्यावर ड्रॅग, म्हणजे रिळातून दोरी सुटू देणारा ब्रेक, आवळून ठेवल्याने जितके मासे जातात तितके दुसऱ्या कशानेही जात नाहीत.

मापाने फेकण्यासाठी दोरी रिळावरच्या क्लिपमध्ये अडकवतात. ती तशीच ठेवून रॉड स्टँडवर ठेवला तर मासा धावताच दोरी तुटते किंवा रॉडच तळ्यात जातो. तुटलेली दोरी आणि शिसे माशाच्या तोंडात राहणे ही त्याहून वाईट गोष्ट आहे. म्हणून क्लिप सोडावी, आणि शिसे अडकले तर सुटून जाईल अशीच लीड क्लिप वापरावी. तिच्या मागचे रबर ठोसून घट्ट बसवले तर ती असून नसल्यासारखी होते.

मासा काठावर आल्यानंतर

इथे मासा खायचा नसतो, तो परत सोडायचा असतो, आणि मालकाच्या परवानगीशिवाय तो नेणे हा गुन्हा आहे. “पकडून सोडूनच द्यायचा तर एवढ्या लांब जायचे कशाला?” असे घरचे दर वेळी विचारतात आणि मी दर वेळी विषय बदलतो. पण वीस-तीस वर्षे जगलेला, पुष्कळदा नावाने ओळखला जाणारा मासा आपल्या हातून जखमी झाला तर त्या तळ्यावर पुन्हा तोंड दाखवणे कठीण होते.

मासा जाळ्यात आल्यावर आधी त्याला पाण्यातच राहू द्यावे, आणि तेवढ्या वेळात चटई ओली करावी, चिमटा, जंतुनाशक आणि पाण्याची बादली हाताशी घ्यावी, वजनकाटा ओल्या झोळीसह शून्यावर आणावा. ही तयारी मासा लागण्यापूर्वीच झालेली असावी, हे ओघानेच आले. हात ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. जाळे उचलण्याआधी माशाचे पर अंगालगत आहेत ना ते पाहावे. छायाचित्र नेहमी गुडघ्यांवर बसून, मासा चटईवर अगदी खाली धरूनच काढावे. उभे राहून 30 पौंडांचा मासा छातीशी धरणे ही शुद्ध बेपर्वाई आहे, कारण तो एकदा उसळला की हातात राहत नाही. उन्हाळ्यात छायाचित्राचा मोह आवरावा आणि मधूनमधून अंगावर पाणी ओतावे. सोडताना त्याला झोळीतून पाण्यात नेऊन सरळ धरावे आणि तो स्वतःच्या जोराने निघेपर्यंत थांबावे.

त्यानंतर आनंदाच्या भरात तोच गळ तसाच परत फेकला जातो. माशाच्या हाडावर घासून टोक बहुधा वाकलेले असते आणि शेवटची हातभर दोरी खडीवर खरवडलेली असते. ती बोटांतून फिरवून पाहावी, खरखरीत लागली तर कापावी, नवा गळ बांधावा, आणि वहीतला फेऱ्यांचा आकडा पाहूनच दोरी पुन्हा मोजावी.