दुखण्याची ट्यूब: कोणती घ्यावी, किती लावावी, कुठे लावू नये

फलटणला माझं मेडिकलचं दुकान आहे. दुखण्यावरची ट्यूब मागणारी माणसं वर्षभर येतात, पण आषाढात माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव करत इथं मुक्कामाला आली की काउंटरवर हात पुरत नाहीत. आळंदी ते पंढरपूर ही जवळपास अडीचशे किलोमीटरची वाट. इथवर येईपर्यंत पोटऱ्या आखडलेल्या असतात, घोटे सुजलेले असतात. मागणी एकच असते: "माऊली, दुखण्याची ट्यूब द्या. बारकी द्या." मी विचारते, कुठं दुखतंय? कधीपासून? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? काहींना याचा कंटाळा येतो, गर्दी खोळंबते. तरी मी विचारतेच. ट्यूबमध्ये खरंखुरं औषध असतं, आणि गोळीबद्दल जेवढं विचारतो तेवढं तिच्याबद्दलही विचारायला हवं.

आधी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरातला मजकूर वाचा. नाव आणि जाहिरात सोडून द्या, 'घटक' बघा. ढोबळपणे तीन जाती असतात.

पहिली, सूज उतरवणाऱ्या औषधाची. बहुतेक ट्यूबवर 'डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के' असं लिहिलेलं सापडेल. हे म्हणजे १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचं. दुखऱ्या जागी सूज आणि ठणका वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीर बनवतं, ती बनण्याचं काम हे औषध रोखतं. दुसरी जात बामांची: मेंथॉल म्हणजे पुदिन्याचं सत्त्व, कापूर, निलगिरी आणि गंधपुऱ्याचं तेल, ज्यातलं मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट. अमृतांजन याच घराण्यातलं, १८९३ साली मुंबईत सुरू झालेलं. बाम त्वचेला थंड किंवा गरम भासवतो आणि त्या जाणिवेपुढे दुखणं मागे पडतं. तिसरी जात मिरचीतल्या कॅप्सेसिनची. मिरचीचा दाह आणि पुदिन्याचा गारवा आपल्या मज्जातंतूंना कसा कळतो, हे शोधण्यात मोठा वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, यावरून या विषयाची खोली लक्षात यावी.

आपल्याकडे सर्रास खपणाऱ्या ट्यूबमध्ये पहिल्या दोन जातींची सरमिसळ असते: डायक्लोफेनॅक, जवसाचं तेल, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के. लावल्या लावल्या जो थंडावा जाणवतो तो मेंथॉलचा. डायक्लोफेनॅकचं काम सावकाश चालतं आणि ते जाणवतही नाही. "ताई, ही गार लागत नाही, दुसरी द्या," म्हणून नुसत्या डायक्लोफेनॅकची ट्यूब परत आणणारे खूप असतात. गार लागण्याचा आणि सूज उतरण्याचा काही संबंध नाही. नुसत्या औषधाची ट्यूब आग करत नाही, म्हणून नाजूक कातडीच्या म्हाताऱ्या माणसांना मी तीच सुचवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, किती लावायची. गुडघ्याला वाटाण्याएवढी लावून "काही फरक नाही" म्हणणं, हे मी रोज ऐकते. नुसत्या डायक्लोफेनॅकच्या १ टक्का जेलचं ठरलेलं प्रमाण असं: गुडघा, घोटा, पाऊल यांना एका वेळी ४ ग्रॅम, आणि मनगट, कोपर, हाताची बोटं यांना २ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्यावर साडेसात वेळाच पुरते, दोन दिवससुद्धा धड नाही. ऐकून लोक चमकतात. पैशाचा प्रश्न असतो, मला कळतं. पण दोन आठवडे एकच ट्यूब पुरवून पुरवून लावण्यात पैसेही जातात आणि दुखणंही राहतं. घरी केकसाठी आणलेला डिजिटल काटा असेल तर एकदाच ४ ग्रॅम मोजून बघा, मग डोळ्याला अंदाज येतो. काटा नसेल तर ३० ग्रॅमची ट्यूब सात वेळांत संपते का, एवढं पाहा. चार वेळा जमत नसेल तर तीन वेळा लावा, पण पुरेशी लावा आणि रोज लावा. एका गुडघ्याला दिवसाला १६ ग्रॅमच्या वर मात्र जायचं नाही. मेंथॉल-सॅलिसिलेट मिसळलेल्या ट्यूबला हा हिशेब लावू नका, तिथं ट्यूबवर लिहिलंय तेवढंच. एवढ्या प्रमाणात ती लावली तर कातडी भाजल्यासारखी होईल.

लावण्याची रीत सोपी आहे, तरी बरेच जण ती उलटी करतात. जागा साबणाने धुऊन कोरडी करा. वारीत मालिशची सेवा देणारे खोबरेल किंवा औषधी तेल चोळून देतात, फार मायेने देतात, आणि माणूस त्याच तेलकट पायावर लगेच जेल लावतो. तेलाच्या थराखाली औषध नीट पोचत नाही. तेल चोळायचं असेल तर ते वेगळ्या वेळी. जेल गुडघ्याच्या वाटीवर, दोन्ही बाजूंना आणि मागच्या लवणीतही पसरायचं. हलक्या हाताने, मुरेपर्यंत. दाबून रगडण्याची गरज नाही, आणि ताज्या मुरगळीत तर ते मुळीच करू नका. नंतर दहा मिनिटं थांबून मग कपडा चढवा, आणि तासभर पाणी लावू नका. आंघोळीच्या आधी लावून पाच मिनिटांत धुऊन टाकणारे पाहिले की मला हळहळ वाटते.

हाताला जे राहतं ते आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, मग हात धुवा. डायक्लोफेनॅक सांडपाण्याबरोबर नदीत जातं, आणि जेवढं तिथं जाणार नाही तेवढं चांगलं. बोटांच्या सांध्यांना लावलं असेल तर अर्थातच तासभर हात धुवायचे नाहीत, तेवढा वेळ डोळ्यांना हात लावायचा नाही आणि भाकरी थापायला बसायचं नाही.

जेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. क्रेप बँडेज घट्ट आवळू नका, प्लास्टिक गुंडाळू नका. उष्णतेने आणि झाकल्याने औषध जास्त शोषलं जातं आणि कातडी पोळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटच्या अशा उत्पादनांनी क्वचित भाजल्याच्या जखमा होतात असा इशारा दिला होता, त्यात ३ टक्क्यांहून जास्त मेंथॉल आणि १० टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट असलेल्यांचा खास उल्लेख होता. शुगर असलेल्यांनी इथं जास्तच जपायला हवं. पायाची संवेदना कमी झालेली असते, आग होतेय हे कळतच नाही, आणि सकाळी पायावर फोड दिसतो. शुगरवाल्या माणसाने तळपायाला बाम आणि शेक दोन्ही टाळावे. चालून आलेल्या फोडांवर, भेगांवर, खरचटलेल्या जागी कुठलीच ट्यूब नको.

कशाला उपयोग होतो? ताजी लचक, मुरगळ, खेळताना ताणलेला स्नायू, यांत जेल चांगलं काम करतं. मुरगळल्यावर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, थोडी विश्रांती, आणि मधल्या वेळी जेल. झिजलेल्या गुडघ्यावरही फायदा होतो, पण त्याचा आकडा प्रामाणिकपणे सांगायला हवा. सहा ते बारा आठवड्यांच्या अभ्यासांत डायक्लोफेनॅकचं जेल लावणाऱ्या दहापैकी सहा जणांना चांगला आराम पडला, आणि औषध नसलेलं साधं जेल लावणाऱ्या दहापैकी पाच जणांना. म्हणून गुडघेदुखीच्या आजींना मी ट्यूबबरोबर व्यायामही सांगते: खुर्चीत बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट करून पाच आकडे मोजा, खाली घ्या. माझ्या मते मांडीची ताकद वाढवल्याशिवाय नुसत्या ट्यूबवर गुडघा सोडणं बरोबर नाही. तरी जेलचा मोठा गुण असा की गोळीच्या तुलनेत रक्तात औषध फार थोडं जातं. गुडघ्याला रोज १६ ग्रॅम लावूनही ते गोळीच्या सुमारे ६ टक्केच भरतं. पित्ताचा, अल्सरचा त्रास असलेल्यांना हा मोठा दिलासा आहे.

मात्र जेल कातडीजवळच्या सांध्यांपर्यंतच पोचतं. खुब्याचा सांधा खोल असतो, कमरेतून पायात जाणारी कळ नसेची असते, तिथं फार आशा ठेवू नका. कॅप्सेसिनचं क्रीम घेणार असाल तर पहिले काही दिवस आग होईल आणि गुण यायला दोन ते चार आठवडे रोजचं लावणं लागेल, हे माहीत असू द्या. किटोप्रोफेन या पहिल्याच जातीतल्या दुसऱ्या औषधाचं जेल लावलं तर ती जागा उन्हापासून झाकायची, बंद केल्यावरही दोन आठवडे.

गोळ्यांची चौकशी मी का करते तेही सांगते. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मिथाइल सॅलिसिलेटची ट्यूब भरपूर चोळली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी, दुखण्याची गोळी आधीच घेत असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेलची भर घालू नये. गरोदर बाईने तर नाहीच, विशेषतः पाच महिन्यांनंतर. पुरळ उठलं की लगेच थांबवा.

काही दुखणी काउंटरवरून मी सरळ दवाखान्यात पाठवते. डाव्या खांद्यात, हातात, जबड्यात कळ आणि सोबत घाम, छातीवर दाब, धाप: ट्यूब खाली ठेवा आणि इस्पितळ गाठा. एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, तिथं चोळणं घातक. सांधा लाल, तापलेला आणि अंगात ताप, तर तेच. पडल्यावर पायावर भार टाकताच येत नसेल तर एक्स-रे काढा. आणि आठवडाभर नीट लावूनही उतार नसेल तर दुसरी ट्यूब घेण्याऐवजी डॉक्टर गाठा. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तीन आठवड्यांच्या वर स्वतःहून लावत राहू नका.

घरात लहान मूल असेल तर ट्यूब आणि बामाची डबी कपाटात वर ठेवा. निव्वळ गंधपुऱ्याच्या तेलाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिन गिळल्यासारखा असतो, आणि कापराने बाळांना झटके येतात. बाळाच्या छातीला, नाकाला मोठ्यांचा बाम लावू नका, सर्दी कितीही असो.

अजून एक, हे आमच्याकडच्या शेतकऱ्यांसाठी. बैलाचा खांदा सुजला की घरातली माणसाची ट्यूब चोळणारे आहेत. करू नका. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर त्यांना खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडल्या आणि देशभर गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर सरकारने बंदी घातली. शिवाय जनावर ती जागा चाटतं, औषध थेट पोटात जातं. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि मेलोक्सिकॅम हे सूज उतरवणारं दुसरं औषध चालेल का ते विचारा, ते गिधाडांना अपाय करत नाही.